आठवं आश्चर्य बांधता येत नाही

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

आमच्या घरात पत्ते हा चौघांचा खेळ होता. मे महिन्याच्या सुट्टीत दुपारची जेवणं उरकली की सतरंजी पडायची आणि मेंढीकोटाचे डाव चहाच्या वेळेपर्यंत चालायचे. आता मुलगी परगावी आहे, मुलगा परदेशात. घरात आम्ही दोघंच. दोघांत रमी होते, नाही असं नाही, पण तिसऱ्या डावाला आम्ही पत्त्यांपेक्षा घड्याळाकडेच जास्त पाहतो. हे ओळखूनच की काय, मुलीनं दिवाळीला येताना वीतभर लांबीचा एक खोका आणला आणि म्हणाली, "बाबा, तुमच्या विषयातला खेळ आहे. आणि दोघांचाच आहे, तिसरा गडी शोधायला नको."

माझा विषय इतिहास. बत्तीस वर्षं शाळेत शिकवला. खोक्यावर नाव होतं 'सेव्हन वंडर्स ड्युएल', म्हणजे सात आश्चर्यांचं द्वंद्व. ही सात आश्चर्यं मी दर वर्षी 'जोड्या लावा'त घालत असे. ऱ्होड्सच्या समोर पुतळा, अलेक्झांड्रियाच्या समोर दीपगृह. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलानं विचारलं होतं, "सर, सातच का?" मी म्हणालो होतो, "पुस्तकात तेवढीच आहेत म्हणून." वर्ग हसला, तो खाली बसला. प्रश्न मात्र चांगला होता आणि मी तो हसण्यावारी नेला, हे मला फार उशिरा कळलं. ते कळायला एक पत्त्यांचा खेळ कारणीभूत झाला, म्हणून आज त्याच्याविषयी बोलायचं आहे.

मूळ 'सेव्हन वंडर्स' हा खेळ २०१० साली आला. आंत्वान बोझा या फ्रेंच माणसानं तो रचला आणि २०११ साली त्याला जर्मनीतला एक मोठा खेळ-पुरस्कार मिळाला. त्यात सातजणांपर्यंत कितीही गडी बसतात. प्रत्येकाला पानं वाटतात, प्रत्येक जण हातातलं एक पान ठेवतो आणि उरलेली शेजाऱ्याकडे सरकवतो. म्हणजे वाढलेल्या पंगतीत ताट पुढे पुढे जावं आणि प्रत्येकानं आपल्याला हवा तो पदार्थ उचलावा, तसं. ही युक्ती पाच-सहाजणांत छान रंगते. दोघांत तिचा जीव जातो, कारण मी सोडलेलं पान तुझ्याकडे आणि तू सोडलेलं माझ्याकडे, एवढंच उरतं. दोघांसाठी त्यात एक काल्पनिक तिसरं शहर धरून खेळायची सोय होती, पण ते म्हणजे भिंतीशी कॅरम खेळण्यासारखं. मग २०१५ साली बोझानं ब्रुनो कातला या दुसऱ्या फ्रेंच खेळकर्त्याला बरोबर घेतलं आणि खास दोघांसाठी हा नवा खेळ बेतला.

त्यांनी केलं असं, की हातात पानं द्यायचीच नाहीत. वीस पानं टेबलावर एकमेकांवर अर्धी अर्धी चढवून मनोऱ्यासारखी मांडायची. एक ओळ उघडी, एक पालथी, पुन्हा एक उघडी. ज्याच्या अंगावर दुसरं पान नाही तेच उचलता येतं. तुम्ही एक उचललं की खालचं मोकळं होतं, आणि ते पालथं असेल तर उलटतं. रमीत आपण टाकलेलं पान समोरचा उचलतो का, याची जी धाकधूक असते, ती इथे प्रत्येक चालीला आहे. मला हवं ते पान कोणतं, एवढा विचार पुरत नाही. ते उचलल्यावर समोर काय उघडं पडेल, हा खरा विचार. माझ्या मते या खेळाचं सगळं सामर्थ्य या एका मांडणीत आहे. बाकीचे नियम नंतर विसरले तरी ही मांडणी लक्षात राहते.

उचललेल्या पानाचं तीनपैकी एक काही करायचं. किंमत देऊन ते आपल्या शहरात बांधायचं, विकून नाणी घ्यायची, किंवा ते पालथं घालून त्यावर आपलं एखादं आश्चर्य उभं करायचं. लाकूड, विटा, दगड, काच, पपायरस असा माल लागतो. अशी तीन युगं. जिंकायच्या वाटाही तीन. सैन्याची सोंगटी शत्रूच्या राजधानीपर्यंत रेटली, की डाव तिथेच संपला. विद्येची सहा वेगवेगळी चिन्हं जमवली, तरी तिथेच संपला. दोन्ही नाही झालं, तर शेवटी गुणांची बेरीज.

पहिल्या दिवशी मी पिरॅमिड बांधले, स्नानगृहं बांधली, नाट्यगृह बांधलं, आणि बेरजेसाठी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. हिनं मात्र गुपचूप हिरवी पानं जमवली होती. तिसऱ्या युगाच्या मध्यावर सहावं चिन्ह खाली ठेवून म्हणाली, "अहो, संपलं की. पुस्तिकेत असंच लिहिलंय." मी पुस्तिका दोनदा वाचली. असंच लिहिलं होतं.

हरल्यामुळे म्हणा, मी खेळाच्या इतिहासाची झडती घ्यायला लागलो. एकूण आश्चर्यं बारा आहेत. त्यांतली सात आपल्या ओळखीची, तर पाच खेळकर्त्यांनी भर घातलेली : गिझाचा स्फिंक्स, अलेक्झांड्रियाचं ग्रंथालय, अथेन्सचं पिरेयस बंदर, रोमचा अ‍ॅपियन मार्ग आणि तिथलं सर्कस मॅक्झिमस हे रथशर्यतींचं मैदान. यादीत अशी घुसखोरी झालेली पाहून मी मास्तरी थाटात नाक मुरडलं. पण यादीचा इतिहास काढल्यावर नाक सरळ करावं लागलं. ती यादी कधीच पक्की नव्हती. सिडॉनच्या अँटिपॅटरच्या नावावर असलेल्या जुन्या ग्रीक कवितेत सात आश्चर्यं आहेत, पण त्यांत दीपगृह नाही. त्याऐवजी बॅबिलॉनचे तट आहेत. दीपगृह मागाहून आलं. मुळात ग्रीकांचा जुना शब्द 'पाहण्याजोग्या गोष्टी' असा होता, म्हणजे प्रवाशांसाठीची यादी. आणि १५७२ साली डच चित्रकार मार्टेन व्हान हेम्सकर्क यानं आश्चर्यांची जी चित्रमालिका केली, तीत सातांच्या जोडीला रोमचं कलोसियम आठवं म्हणून बसवलं. त्या मागच्या बाकावरच्या मुलाला मी एवढं तरी सांगायला हवं होतं.

खेळात याचं उत्तर वेगळंच आहे. सुरुवातीला चार आश्चर्यं मांडतात. एकानं एक घ्यायचं, दुसऱ्यानं दोन, उरलेलं पहिल्याला. मग पुन्हा चार, आणि या वेळी दुसऱ्यानं आधी. दोघांकडे मिळून आठ होतात. पण नियम असा, की दोघांचं मिळून सातवं उभं राहिलं, की आठवं पान सरळ खोक्यात जातं. जगात आश्चर्यं सातच असायची! एका साध्या नियमानं खेळात घाई आली, शेजाऱ्याकडे डोळे लागले.

हे शेजाऱ्याकडे डोळे लावणं इतिहासाला धरून आहे. आम्ही वर्गात प्रत्येक आश्चर्य सुटं सुटं शिकवतो, जणू कुणा राजाला सकाळी उठून वाटलं आणि त्यानं बांधलं. प्रत्यक्षात ती ईर्ष्येची बांधकामं होती. सगळ्यात बोलकी गोष्ट ग्रंथालयाची. अलेक्झांड्रियाला ग्रंथसंग्रह होता, तसा आशिया मायनरमधल्या पर्गमम शहरातही उभा राहिला. प्लिनी सांगतो, की ही स्पर्धा वाढल्यावर इजिप्तच्या टॉलेमी राजानं पपायरस बाहेर पाठवणंच बंद केलं आणि पर्गममवाल्यांनी कातड्यावर लिहायची युक्ती काढली. आजचे अभ्यासक या कथेला सबंध मान देत नाहीत, कारण लिहायचं कातडं त्याआधीही होतं. पण पर्गममचं नाव पार्चमेंट या शब्दात राहून गेलं आहे.

आता खेळातला बाजारभाव पाहा. माझ्याकडे नसलेला माल मी विकत घेऊ शकतो, पण त्याचा भाव दोन नाणी, अधिक समोरच्याच्या शहरात तो माल जितका पिकतो तितकी. तिच्याकडे पपायरस दोन, तर मला एका पपायरसला चार नाणी. आणि सबंध खेळात पपायरसची पानं दोनच, एक पहिल्या युगात, एक दुसऱ्या युगात. दोन्ही एकानं घेतली की दुसऱ्याचा टॉलेमीशी गाठ पडलेला पर्गममवाला होतो. पंचवीस ओळींचा उतारा फळ्यावर लिहून जे मुलांना समजावता आलं नसतं, ते इथे दोन पानांत समजतं. विक्रेता आणि शत्रू एकच असला की काय होतं, हे.

पण सगळंच असं नेटकं नाही. ऱ्होड्सचा पुतळा घ्या. खेळात तो बांधला, की लष्कराच्या दोन ढाली मिळतात. प्रत्यक्षात काय झालं होतं? इ.स.पू. ३०५ मध्ये दिमित्रियस नावाच्या सेनापतीनं ऱ्होड्सला वेढा घातला. पुढच्या वर्षी वेढा फसला आणि तो मोठमोठी वेढायंत्रं तिथेच टाकून निघून गेला. ऱ्होड्सवाल्यांनी ती विकली आणि त्या पैशात सूर्यदेवाचा सुमारे तेहतीस मीटर उंच ब्राँझचा पुतळा उभारला. म्हणजे हा पुतळा युद्धसामग्रीतून झाला खरा, पण ती मोडीत काढून. पन्नास-साठ वर्षांत भूकंपानं गुडघ्यातून मोडला. पडलेल्या पुतळ्याच्या अंगठ्याला मिठी मारता येईल असे लोक थोडेच, असं प्लिनी लिहितो. खेळात यातलं काही नाही. तिथला पुतळा उभाच राहतो, ढाली मिरवत.

इफिससच्या आर्टेमिसच्या देवळाला खेळात बारा नाणी आहेत. हे मात्र मला आवडलं. ते देऊळ लोकांच्या ठेवी सांभाळायचं. झेनोफननंही युद्धावर जाताना आपला पैसा तिथल्या पुजाऱ्याकडे ठेवला होता. ऑलिंपियाचा झ्यूस शत्रूचं एक मालाचं पान मोडून टाकतो, त्याचा संबंध मला अजून लागलेला नाही. वज्र फेकणारा देव, म्हणून असेल. मॉसोलसच्या समाधीचं पान बांधलं, की खेळात आधी टाकून दिलेल्या पानांतलं कोणतंही एक फुकट उचलून आपल्या शहरात लावता येतं. मेलेलं जिवंत करणं, एवढाच रचनाकारांचा हेतू असावा. पण त्या समाधीचं पुढे झालं ते पाहा. हॅलिकार्नासस म्हणजे आजचं तुर्कस्तानातलं बोद्रुम. तिथे मध्ययुगाच्या अखेरीस सेंट जॉनच्या सरदारांनी किल्ला बांधला तेव्हा पडक्या समाधीचे दगड उचलून तटबंदीत चिणले. टाकलेलं उचलून दुसऱ्या शहरात लावणं ते हेच. किल्ला अजून उभा आहे.

आता खेळाचे दोष. खेळ म्हणून आधी. बारांपैकी पाच आश्चर्यं अशी आहेत, की ती बांधताच लगेच आणखी एक चाल मिळते : स्फिंक्स, आर्टेमिसचं देऊळ, बॅबिलॉनच्या बागा, अ‍ॅपियन मार्ग आणि पिरेयस. ज्या खेळात काय उघडं पडेल यावर सारं अवलंबून, तिथे लागोपाठ दोन चाली म्हणजे समोरच्याला न विचारता उघडायचं आणि आपणच उचलायचं. ही पाच पानं बाकीच्यांपेक्षा उघडच भारी आहेत. वाटपात ज्याच्याकडे त्यांतली तीन गेली, त्याचं पारडं पहिल्या चालीआधीच खाली. आम्ही दोघांनी आता घरगुती नियम केला आहे, की पाचांतली दोनापेक्षा जास्त कुणी घ्यायची नाहीत. नियम करणाऱ्यांना हे सुचलं नसेल असं नाही, पण त्यांनी केलं नाही खरं.

दुसरं म्हणजे नशीब. पालथं पान उलटलं आणि समोरच्याला हवं तेच निघालं, तर अक्कल काय कामाची? शिवाय प्रत्येक युगात तीन पानं न पाहता बाजूला काढतात. विद्येची दोन चिन्हं फक्त तिसऱ्या युगातच येतात. तुम्ही आशेनं थांबावं आणि ते पान खोक्यातच असावं, असं घडतं. मी आधी यावर चिडत असे. आता तितका चिडत नाही, कारण हे न कळणं काढून टाकलं, तर दोघांतला जो हिशेबी असेल तोच दर वेळी जिंकेल. आणि आमच्या घरात तो मी नव्हे.

तिसरा दोष वयाचा. पानं फार लहान आहेत. चष्म्याशिवाय दगड आणि वीट मला सारखीच दिसते. अक्षरं जवळजवळ नाहीत, सगळा चिन्हांचा कारभार. त्यामुळे भाषेची अडचण येत नाही, पण पहिले चार-पाच डाव पुस्तिका मांडीवर ठेवूनच खेळावे लागतात. आणि नवख्याला कधी कधी कळायच्या आत हार येते, जशी मला आली. काही जण तिथेच खोका माळ्यावर टाकत असतील. सरावानंतर मात्र सैन्याचा किंवा विद्येचा असा एकदम विजय क्वचितच होतो. दोघंही सावध असतात, एकमेकांची वाट अडवतात. मग त्या दोन वाटा धाकापुरत्या उरतात. पण धाक आहे म्हणून तुम्हाला नको असलेलं पानही उचलावं लागतं, आणि त्यात तुमचा डाव खर्ची पडतो. पहिल्या महायुद्धाआधी युरोपातली राष्ट्रं एकमेकांकडे पाहून युद्धनौका बांधत होती, ते शिकवताना मला हे उदाहरण हाताशी असतं तर बरं झालं असतं.

इतिहासाचा शिक्षक म्हणून खटकणारी गोष्ट वेगळी आहे. या शहरांत माणसं नाहीत. दगड आहे, दगड वाहणारा नाही. पोटाला काही लागत नाही, दुष्काळ नाही, कुणी पळून जात नाही, बांधलेलं ढासळत नाही. तीन युगं पायऱ्यांसारखी वर वर जातात. खेळात पिरॅमिडला तीन दगड आणि एक पपायरस लागतो. दगड ठीक, पण पपायरस कशाला, असं मला वाटे. मग आठवलं, की २०१३ साली तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ इथे पिएर ताले या फ्रेंच संशोधकाच्या पथकाला लिहिलेले पपायरस सापडले. लिहिलेल्या पपायरसांत त्याहून जुने आजवर मिळालेले नाहीत. त्यांत मेरेर नावाच्या एका मुकादमाची रोजनिशी आहे. साडेचार हजार वर्षांपूर्वी हा माणूस आपली तुकडी घेऊन तुरा इथल्या खाणीतला चुनखडीचा दगड नावांतून नाईलवाटे गिझाला पोचवत होता. खुफूच्या पिरॅमिडसाठी. कोणत्या दिवशी दगड भरला, कोणत्या दिवशी निघालो, रात्रीचा मुक्काम कुठे, एवढंच लिहिलं आहे. पिरॅमिडला खरोखरच एक पपायरस लागला होता, आणि त्यावर एका मुकादमाचं नाव होतं. बत्तीस वर्षं मी खुफूचं नाव फळ्यावर लिहिलं. मेरेर तेव्हा वाळूत होता, त्याला माझा इलाज नव्हता. पण मुकादम कोण असेल, हा प्रश्न मी मुलांना विचारू शकलो असतो.

बॅबिलॉनच्या बागांचं तर ठिकाणच वादात आहे. बॅबिलॉनच्या एवढ्या शिलालेखांत त्या बागांचा उल्लेख नाही. स्टेफनी डॅली या विदुषीनं २०१३ सालच्या आपल्या पुस्तकात मांडलं, की त्या बागा मुळात असिरियाच्या सेनाखेरिब राजाच्या निनेव्हे शहरात होत्या. सगळ्यांना ते पटलेलं नाही. खेळात मात्र त्या बागांना सहा नाणी, तीन गुण आणि एक जादा चाल आहे. नसलेल्या, निदान न सापडलेल्या गोष्टीला एवढा भाव, हे मी हिला दाखवलं. ती म्हणाली, "पान तुमच्याकडे आलं नाही म्हणून बोलताय."

गेल्या रविवारची गोष्ट सांगतो. दोघांची मिळून सहा आश्चर्यं झाली होती. तिच्याकडे पिरॅमिड उरले होते आणि माझ्याकडे अलेक्झांड्रियाचं ग्रंथालय. मला तीन लाकडं, एक काच आणि एक पपायरस हवा होता. लाकूड होतं, काच होती. पपायरसची दोन्ही पानं तिच्याकडे, म्हणजे भाव चार, आणि माझ्या हातात नाणी तीन. एक पान विकून पैसा उभा करायचा आणि पुढच्या चालीला बांधायचं, असा हिशेब करून मी पान विकलं. त्याबरोबर खालचं पालथं पान उलटलं. तिनं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. तेच उचललं, पालथं घातलं आणि वर पिरॅमिड उभे केले. सातवं झालं.

"अहो," ती म्हणाली, "तुमच्या त्या ग्रंथालयाचं खऱ्या इतिहासात काय झालं होतं?"

मी ग्रंथालयाचं पान उचलून खोक्यात ठेवलं. तिसऱ्या युगाची अजून सात पानं मांडलेली होती, आणि चाल माझी होती.